अकोल्याच्या आजीचा उजवा गुडघा

प्रिय इरा आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ फोनवर बोलताना माझ्या मागच्या कपाटात, शब्दकोशांच्या शेजारी, तुम्हाला एक चकचकीत वस्तू दिसली. इराने विचारलं, "आजी, ती ट्रॉफी आहे का?" तुमच्या आईने घाईने विषय बदलला. मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, असं तिला वाटलं असावं. मला तसं वाटत नाही. तुम्हाला मराठी वाचता येतं, हळूहळू का होईना, आणि माणसं मरतात हेही तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय माझ्या वयाला एखादी गोष्ट पुढच्या वर्षावर टाकणं शहाणपणाचं नाही. तेव्हा सांगते. ती ट्रॉफी नाही. तो अकोल्याच्या आजीचा उजवा गुडघा आहे.

अकोल्याची आजी म्हणजे माझी मोठी बहीण. मी तिला ताई म्हणत असे. तुम्ही तिला पाहिलंत ते फोनच्या पडद्यावरच, आणि तेही केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून, मागच्या खुर्चीवरची उशी नीट करून बसलेली. आधी न कळवता केलेला व्हिडिओ फोन ती उचलत नसे. झाडणारी बाई यायच्या आधी ती घर झाडायची. भांडी घासायला येणारी बाई यायच्या आधी भांडी विसळून, उपडी घालून ठेवायची. ती बाई वैतागायची. "आजी, तुमीच सगळं करता, मंग मी कायले येऊ?" ताई म्हणायची, "तू घास नं. पण माह्या घरचं खरकटं तू पाहू नको."

दाढ दुखली म्हणून एकदा तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. निघायच्या आधी तिने इतक्या जोराने आणि इतक्या वेळा दात घासले की हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर बराच वेळ हिरड्याच तपासत बसले. दाढ तशीच राहिली. घरी आल्यावर आम्ही पोट धरून हसलो, तीही हसली. आता ती गोष्ट आठवली की मला हसू येत नाही.

ही सवय तिला कुठून लागली, ते तुम्हाला कळायला हवं. आमचं गाव चांदूर बाजारजवळ. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वडिलांनी आम्हा दोघींना शिकवलं. मी पुढे अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. ताई माझ्याआधी शिक्षिका झाली आणि अकोल्याजवळच्या एका खेड्यात शाळेवर रुजू झाली. तिथे तिला मोठ्या मिनतवारीने एक खोली भाड्याने मिळाली. घरमालकीण रोज काहीतरी निमित्त काढून दारात यायची. आत पाऊल टाकायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून चूल, पाण्याचा माठ, दोरीवरचे कपडे नजरेने तपासायची आणि निघून जायची. ताई तिच्या आधी उठायची, सारवायची, माठ घासायची, अंथरुणाची घडी सुईने टाचल्यासारखी करायची.

पुष्कळ वर्षांनी ताईने मला हे सांगितलं ते अभिमानाने. "त्या बाईले एक दिवस बोट ठेवाले जागा देल्ली नाही म्या."

मी विचारलं, "मग कधी तुझ्याकडचा चहा घेतला का तिने?"

"चहा नाही घेतला," ताई म्हणाली. "पण घाण हाय असं तिले म्हणता नाही आलं."

तिचे यजमान लवकर गेले. मुलगा प्रशांत आणि सून वैशाली यांच्याबरोबर ती अकोल्यात राहत होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे पार झिजले होते. जिन्याची पायरी चढताना ती कठडा असा धरायची, की बघणाऱ्याने मान फिरवावी. तिला एकाच गोष्टीची भीती होती. "मरेपर्यंत माह्यं मी न्हाली पाह्यजे," ती म्हणायची. "दुसऱ्यानं मले धुवावं अशी पाळी नको." त्यासाठीच ती ऑपरेशनला तयार झाली. फिरायला जाता यावं, विहार-लेणी पाहावीत, असलं तिच्या मनात काही नव्हतं. न्हाणीघरात आपल्या पायांनी जायचं, एवढंच.

ऑपरेशन इथे अमरावतीला झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, वरूडकडच्या, घरी संत्र्याची बाग. पेशंटशी आपल्या वऱ्हाडीत बोलायच्या, त्यामुळे ताईला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. आधी उजवा गुडघा बदलला. तो असा जमला की ताई काठी विसरून माझ्या घरभर फिरू लागली. पुढच्या हिवाळ्यात डावा बदलला.

डाव्याचं काही बरोबर नव्हतं. जखम भरली, टाके गेले, पण गुडघा कोमट राहायचा. उजव्यावर हात ठेवावा, मग डाव्यावर ठेवावा, फरक कळायचा. चालताना दुखलं तर समजू शकतं, हा बसल्या जागी दुखायचा. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. ईएसआर आणि सीआरपी, ही दोन नावं आमच्या घरात तेव्हा शिरली ती मुक्कामालाच.

मला सगळं नीट समजून घ्यायची सवय, म्हणून मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. शरीरात कुठे जंतूंशी मारामारी सुरू झाली की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं, ते सीआरपी. ते झपाट्याने चढतं आणि झपाट्याने उतरतं. ईएसआर म्हणजे नळीत उभं ठेवलेलं रक्त किती वेगाने तळाला बसतं ते. ते सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, वयाने वाढतं, रक्त कमी असलं तरी वाढतं. "हे आकडे म्हंजे धूर हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "घरातून धूर निघून राहिला एवढं सांगते. चुलीचा हाय का आग लागली, ते नाही सांगत. ऑपरेशननंतर थोडा धूर निघतेच. तो खाली येऊन राहिला का, हे पाहत राहावं लागते. अन् हाडाच्या बाबतीत एका आकड्यावर भरोसा ठेवून चालत नाही."

ताईने यातलं तिला हवं तेवढं घेतलं. रिपोर्ट चांगला यायला हवा. दर महिना-दीड महिन्याने ती अकोल्याहून माझ्याकडे यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायची आणि संध्याकाळी मला रिपोर्ट वाचायला लावायची. सीआरपी थोडं वाढलेलं असायचं, घाबरावं इतकं कधीच नसायचं. "पाह्य, नॉर्मलच्या जवळ हाय," ती म्हणायची, आणि फोन करून प्रशांतलाही सांगायची, शाळेतल्या मुलाने मार्क सांगावेत तसं. डॉक्टरीणबाईंचं मात्र समाधान होईना. "दुखणं अन् रिपोर्ट एकमेकांशी जुळून नाही राहिले," असं त्या म्हणत. एकदा त्यांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. त्यातही कुठला जंतू वाढला नाही. उन्हाळा असाच गेला. ताई आता काठी घेऊन चालत होती आणि न्हाणीघरात बसायला तिने स्टूल ठेवून घेतलं होतं.

पोळ्याच्या सुमाराला वैशालीला स्वतःची थायरॉइडची तपासणी करायची होती. अकोल्यात घराजवळच लॅब आहे. सोबतीला म्हणून ताई गेली. तिथल्या बाकावर बसताना ताईचा चेहरा कसा झाला ते वैशालीने पाहिलं आणि रक्त घेणाऱ्याला म्हणाली, "आईचंही घेऊन टाका." ताई एकदम उठली. "आज नको व. मंगळवारी देते. आज माह्यी तयारी नाही." वैशालीला वाटलं, उपाशीपोटी नाही म्हणून म्हणतात. "आई, या तपासणीले उपाशी राहावं नाही लागत," असं म्हणून तिने सासूचा हात धरून पुढे केला.

त्या रिपोर्टातलं सीआरपी आधीच्या सगळ्या रिपोर्टांच्या कितीतरी पट होतं. वैशालीने लगेच मला फोन करून तो आकडा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. त्यांनी जुने आणि नवे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"आजी, हे सगळं तुमचंच रक्त हाय नं?"

"माह्यंच. दुसऱ्या कोनाचं आणू मी?"

"मंग सांगून घेतलं का कमी येते, न सांगता घेतलं का एवढं येते. असं काहून?"

ताईने पदर सारखा केला.

"रक्त द्यायच्या आधी काही घेत जाता का तुमी?"

"घेते नं," ताई म्हणाली. आवाजात लपवाछपवी नव्हती; विचारलं म्हणून सांगत होती. "आठ दिवस आधीपासून. माह्या ऑपरेशनच्या गोळ्या उरल्या होत्या, प्रशांतची दाढ काढली तवाच्या होत्या. अन् सरल्या का मेडिकलवाला देते. डब्यात जपून ठेवते मी."

"कायले पण, आजी?"

"अवं बाई, लोकं पाहतात ते रक्त. नळीत भरतात, काचेखाली धरून पाहतात. त्यात घाण दिसली तं कोनाचं रक्त हाय म्हनतीन?"

वैशालीला हसू फुटलं आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ताईच्या जवळ ओढली.

"आजी, संत्र आतून सडलं असलं अन् मी वरून पुसून हातात देल्लं, तं तुमी काय म्हनान?"

"फसवलं म्हनीन."

"तुमी मले पुसून आणून देत होत्या."

मग त्यांनी समजावलं. त्या अँटिबायोटिक गोळ्यांनी धूर दबला, आग दबली नाही. जंतू बदललेल्या सांध्याच्या धातूला चिकटून बसले, हळूहळू हाडात शिरले, आणि गोळ्यांमुळेच पाण्याच्या तपासणीत सापडले नाहीत. आता त्यांचं नाव कळल्याशिवाय नेमकं औषध देता येणार नव्हतं. नाव कळायचं तर दोन आठवडे एकही अशी गोळी पोटात जाता कामा नये. मग पुन्हा सुई. जंतू सापडला तर बिघडलेला सांधा काढून, हाड साफ करून, औषध देऊन काही महिन्यांनी नवा सांधा बसवता येईल. नाही सापडला तर अंदाजाने औषधं, आणि पाय वाचेलच असं सांगता येणार नाही. मध्येच थंडी वाजून ताप आला तर तशीच उचलून आणायची.

"म्हंजे घाण वाढू द्याची," ताई म्हणाली.

"दिसू द्याची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते दोन आठवडे ताई माझ्याकडे राहिली. आल्या आल्या तिने पिशवीतून गोळ्यांचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो दवाखान्यात नेऊन दिला. ताईने आयुष्यात पुष्कळ कठीण गोष्टी केल्या, पण त्या दिवसांइतकं कठीण तिने काही केलं असेल असं मला वाटत नाही. गुडघा रोज फुगत गेला. कातडी ताणून लालबुंद झाली, चकाकायला लागली. तिच्या खोलीत कामवालीने यायचं नाही, असं तिने सांगून टाकलं, आणि स्वतःला तर खाली वाकता येत नव्हतं. पहिल्यांदाच तिच्या खाटेखाली धूळ साचली. ती खाटेवर बसून त्या धुळीकडे बघायची. मी झाडायला गेले तर म्हणाली, "राहू दे आता. एवढं आंग घाण होऊन राहिलं, खोली कायले साफ पाह्यजे?"

दुपारी दुखणं वाढलं की ती पाढे म्हणायची. साधे नाहीत, जुने, अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, अडीचकी. बंद दारातून तो आवाज यायचा, मध्येच तुटायचा, पुन्हा मागच्या ओळीवर जाऊन सुरू व्हायचा. एका संध्याकाळी अंग कोमट झालं तेव्हा तिने मला हाक मारली. "एकच गोळी देतं का व? एकच." मी नाही म्हटलं. तिने पुन्हा मागितली नाही. थोड्या वेळाने अडीचकी सुरू झाली.

सुई घालायच्या दिवशी मी तिच्याबरोबर आत होते. एरवी कुठल्याही डॉक्टरसमोर पातळ वर करताना ती इतका संकोच करायची की तपासणीला वेळ लागायचा. त्या दिवशी डॉक्टरीणबाई हातमोजे घालत होत्या तोवर तिने स्वतःच पातळ गुडघ्याच्या वर घेतलं.

"पाह्य बाई," ती म्हणाली. "जसं हाय तसं हाय. म्या काही पुसलं नाही."

सुईतून जे आलं ते गढूळ होतं, ताकासारखं. मी मान फिरवली. ताईने नाही फिरवली. ती नळी तिने हातात मागून घेतली, उजेडाकडे धरली आणि बघून परत दिली.

या वेळी जंतू सापडला. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की हा कुठला दूरचा, भयंकर जंतू नव्हे. कातडीवर राहतो, धातूवर जाऊन बसला की त्रास देतो.

"म्हंजे सगळ्याईच्या कातडीवर असते?" ताईने विचारलं.

"बहुतेक सगळ्यांच्या."

"तुमच्याबी?"

"माझ्याबी असंन, आजी."

रिक्षातून घरी येताना, राजापेठेच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा, ती एकदम मला म्हणाली, "त्या घरमालकिणीच्याबी आंगावर असंन मंग." मी होय म्हटलं. "आपण उगाच सारवत होतो व," ती म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली.

मला इथे लिहिता आलं असतं की त्यानंतर सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही. डावा सांधा काढला तेव्हा हाड अपेक्षेपेक्षा जास्त पोखरलेलं निघालं. त्या जागी औषध घातलेलं सिमेंट बसवलं. नेमकी औषधं शिरेतून सुरू झाली. सुरुवातीला सीआरपी खरोखरच उतरलं. मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा ताईने विचारलं, "हे खरं हाय नं?" खरं होतं. आठवडाभराने मूत्रपिंडांनी काम कमी केलं. मग विष रक्तात पसरलं. सीआरपी पुन्हा चढलं, आणि तेव्हा त्या आकड्याचा अर्थ सांगायला कोणाची गरज राहिली नव्हती.

शेवटच्या दिवसांत तिला अंथरुणातच पुसून काढावं लागे. ज्याची तिला आयुष्यभर भीती वाटली तेच झालं. वैशाली फार हळुवारपणे करायची, दवाखान्यातल्या सिस्टरही चांगल्या होत्या. ताई डोळे मिटून घ्यायची. एका सकाळी ती शुद्धीवर होती. तिने मला जवळ बोलावलं.

"सिस्टर येईन नं आता पुसाले?"

"येईल थोड्या वेळात."

"मंग रुमाल ओला करून दे मले. तोंड तं पुसून घेते, ती यायच्या आधी."

मी रुमाल ओला करून पिळून दिला. तिचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. उरलेलं मी पुसलं. त्याच दिवशी दुपारी ती गेली.

अंत्यविधी अकोल्याला झाला. बुद्धवंदना झाली, लोक पांगले. दुसऱ्या दिवशी प्रशांत आणि मी राख गोळा करायला गेलो. आमच्यात अस्थी नदीत सोडण्याचा आग्रह नसतो. घरामागे खड्डा खणून प्रशांतने ती राख टाकली आणि वर कडुनिंबाचं रोप लावलं. राख चाळताना हाताला एक जड वस्तू लागली. काळी पडलेली, पण जशीच्या तशी. उजव्या पायातला धातूचा सांधा. डावा तर आधीच काढून टाकला होता. "मावशी, याचं काय करू?" प्रशांतने विचारलं. वैशाली घरात ठेवायला घाबरत होती. मातीत पुरायला त्याचा हात धजेना. मी म्हटलं, माझ्याकडे दे. घरी आणून लिंबाने आणि मिठाने घासला. काळेपणा निघायला बरेच दिवस लागले.

तुम्हा दोघांना माझं एकच सांगणं आहे. कधी दुखलं-खुपलं आणि डॉक्टरकडे जावं लागलं, तर आहात तसे जा. आपल्या मनाने आधी काही घेऊन जाऊ नका. ताईला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, पण कळल्यावर तिने ते पाळून दाखवलं. त्या दोन आठवड्यांसाठी मी तिला जितकी मानते तितकी दुसऱ्या कोणत्याच गोष्टीसाठी मानत नाही.

अकोल्यातलं कडुनिंबाचं झाड आता प्रशांतच्या खांद्याला लागतं. वैशालीच्या घरी उरलेल्या गोळ्या ठेवत नाहीत. उजवा गुडघा माझ्या कपाटात, शब्दकोशांच्या शेजारी आहे. माझ्याकडे झाडणारी बाई सकाळी येते. ती यायच्या आधी मी तो पुसून ठेवते.